माझ्याकडे झुकलेली मशरूम

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, म्हणजे मधे मधे थांबावं लागणार नाही. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो एका खोलीभर मशरूमवरून घातलाय. आणि तोही कुणासमोर? सोसायटीच्या कमिटीसमोर! आणि कमिटीबरोबर कोण आलं होतं? नको, ते नाव आत्ताच घेतलं तर मला परत घाम फुटेल. येईल ओघात.

आधी मी कोण ते सांगते. मी मनाली, घरात मनू. नेरूळला राहतो आम्ही. शिक्षण बी.एस्सी. बॉटनी, आणि पूर्णवेळ काम म्हणाल तर दचकणं. बेल वाजली, दचकले. कुकरची शिट्टी झाली, दचकले. स्वतःचाच फोन खिशात थरथरला तरी मी उडते. मध्यंतरी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले होते. तिथे ऑटोक्लेव्ह नावाचा प्रकार असतो, म्हणजे काचेची भांडी वाफेवर निर्जंतुक करायचा राक्षसी कुकर. तो वाफ सोडायचा आणि माझ्या हातातली काचेची नळी जमिनीवर. दर वेळी! शेवटी आमच्या साहेबांनी मला जवळ बसवून विचारलं, "तुम्हाला एखादं शांत काम नाही का आवडणार?"

आवडणार ना! जगात सगळ्यांत शांत काय असेल? मी बराच विचार केला. मांजर ओरडतं. झाडं वाऱ्याने सळसळतात. मशरूम मात्र काही म्हणजे काही आवाज करत नाही.

झालं. दादा-वहिनी बंगळुरूला होते, त्यांची खोली रिकामी होती. पनवेलजवळच्या मामांकडून भाताचा पेंढा आणला, उकळला, निथळला, प्लॅस्टिकच्या लांब पिशव्यांमध्ये धिंगरी मशरूमच्या बियाण्याबरोबर थर देऊन भरला. पिशव्यांना भोकं पाडली आणि पंख्याच्या हुकाला, कपाटाच्या दांडीला, जिथे जागा मिळेल तिथे टांगल्या. खिडक्यांना काळं प्लॅस्टिक ठोकलं. वर पडदा. पडद्यावर जुनी सतरंजी. कारण मशरूमला काय लागतो? अंधार! हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती. बॉटनी ना माझी!

खोलीच्या दाराचं कुलूप कधीतरी बिघडलं म्हणून बाबांनी काढून टाकलं होतं. त्या जागी एक गोल भोक राहिलं होतं, डोळा लावता येईल एवढं. बाबा ते येत्या रविवारी बुजवणार होते. येता रविवार आमच्याकडे गेली काही वर्षं येतोच आहे.

आणि त्या भोकाने माझा घात केला हो!

पांढरी बुरशी पेंढ्यात पसरली, पिशव्या कापसाच्या उशांसारख्या दिसायला लागल्या. दार उघडून सारखं आत जायचं नाही, त्यांचा अंधार मोडेल, असं मी ठरवलं होतं. मग काय करायचं? संध्याकाळी पॅसेजमधली ट्यूबलाइट लावायची, दारापाशी गुडघ्यावर बसायचं आणि त्या भोकाला डोळा लावायचा. डोळा लावला की आधी काहीच दिसायचं नाही. मग हळूहळू, पाण्यातून वर यावं तसं, काहीतरी फिकट फिकट उमटायचं. ओल्या पेंढ्याचा वास यायचा. खाली मुलांचं क्रिकेट, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं कुठल्या कुठे जायचं. मी, माझा एक डोळा, आणि तो मऊ अंधार. खरं सांगते, इतकी शांत मी कुठेच बसलेले नाही.

अशाच एका संध्याकाळी डोळा लावला आणि किंचाळले.

आई स्वयंपाकघरातून झारा घेऊन धावत आली. "काय झालं? पाल?"

"आई, बोटं!"

"कुणाची बोटं?"

खरंच बोटं होती हो! पिशव्यांच्या भोकांतून पांढरीफटक, लांबच लांब, सडपातळ बोटं बाहेर आलेली. टोकाला छत्री म्हणावी तर नखाएवढी. आणि सगळ्यांत विशेष काय सांगू? ती सगळीच्या सगळी, डावीकडची, उजवीकडची, वरची, खालची, दाराकडे वळलेली होती. सरळ माझ्याकडे! सीवूड्सच्या खाडीत फ्लेमिंगो एकाच दिशेला माना करून उभे असतात ना, अगदी तशी.

आईने भोकाला डोळा लावला, बघितलं, झारा खाली केला. "भाजी कशाची करायची यांची? दांड्यांची?"

तिला भाजी दिसली. मला काय दिसलं? मला दिसलं की इतके दिवस मी त्यांच्याकडे बघतेय आणि आता ती माझ्याकडे बघतायत.

आता तुम्ही म्हणाल, मनाली, तू सायन्सची पोरगी, असं कसं वाटलं तुला? अहो, मीही आधी स्वतःला दटावलंच. म्हटलं पुरावा हवा. आणि पुरावा चालत आला! कऱ्हाडला मावसबहिणीचं लग्न निघालं. मी तिकडे गेले, आई-बाबा घरीच राहिले. परत आल्या आल्या, चप्पलसुद्धा न काढता भोकाला डोळा लावला. काय दिसावं? नवी आलेली बोटं सैरभैर! एक छताकडे, एक भिंतीकडे, दोन एकमेकींत अडकलेली. कुणाला काही सुचत नसल्यासारखी. आणि मी घरी आल्यावर? एक-दोन दिवसांत परत सगळ्यांची तोंडं दाराकडे.

मला अक्षरशः भरून आलं. मी नसताना ती मला शोधत होती!

"आई, त्यांना मी कळते गं," मी म्हटलं.

"बरं झालं," आई म्हणाली. "घरात कुणाला तरी कळतेस."

आता खरी अडचण ऐका. दादा-वहिनी बाळाला घेऊन कायमचे परत येणार होते. म्हणजे ती खोली जाणार होती. बाबांनी सरळ सांगितलं, "मनू, बाळ आणि बुरशी एका खोलीत नाही राहणार. दुसरी जागा बघ, नाहीतर ते ऑफिसच्या नोकरीचं बघ." ऑफिस म्हणजे फोन, बेल, माणसं आणि फायर ड्रिल! मग मी धीर करून सोसायटीला अर्ज दिला. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली पडून होती, खिडकी नाही, काळोखी, झाडू-बादल्यांची. मला तर ती स्वर्ग वाटली. तेवढी मला वापरायला द्या, असं लिहून दिलं आणि अर्ज खाली ऑफिसात गेल्यावर दोन रात्री झोपले नाही.

अशात मला लिफ्टमध्ये भेटल्या गायकवाड काकू. मूळच्या साताऱ्याच्या, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांनी विचारलं, "काय गं मने, तुज्या त्या छत्र्यांचं काय झालं?"

मी घाबरले की फार बोलते. सातव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मी त्यांना सगळं सांगून मोकळी झाले. बोटं, कऱ्हाड, सैरभैर, सगळं.

लिफ्टचं दार उघडलं तरी काकू हलल्या नाहीत. "काय सांगतीयास! वळखत्यात तुला?"

"म्हणजे... तसं वाटतं."

"वाटतं न्हवं गं, आसतंयच तसं! आमच्या गावाकडची म्हस माज्या सासूबिगर कुणाला धार काढू देत न्हवती. जीव लावला की समद्यास्नी कळतंय."

म्हैस आणि बुरशी यांत फरक आहे हे मला सांगायला हवं होतं की नको? हवं होतं! पण तेव्हा ते मला इतकं गोड वाटलं, की मी नुसती मान हलवली.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर बातमी. "आपल्या सोसायटीतील कु. मनाली हिची मशरूम तिला ओळखतात." खाली टाळ्या, फुलं, नमस्कार. दुसऱ्या दिवशी आमच्या पॅसेजमध्ये रांग! एकेक जण गुडघ्यावर बसायचा, भोकाला डोळा लावायचा आणि म्हणायचा, "अय्या, खरंच की!" बी विंगचे एक आजोबा गुडघ्यावर बसले ते बसलेच, त्यांना दोघांनी उठवलं. करावे गावच्या जानकीबाई आमच्याकडे मासे घेऊन येतात, त्यांनाही राहवलं नाही. टोपली बाजूला ठेवून त्यांनी डोळा लावला आणि एकदम मागे सरकल्या.

"अगो बाय! ही त मानसाची बोटा हायत!"

"नाही हो जानकीबाई, मशरूम आहेत. खायची असतात."

"खा तुमी," त्या टोपली उचलत म्हणाल्या. "आमी आपली बोंबील खातो. त्यो निदान आपल्याकरं बोट त करत नाय!"

मी हसले, पण आतून मला किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात इतकी माणसं आली आणि मी दचकले नाही. दुपारी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसायचे आणि वाटायचं, दाराच्या पलीकडे कुणीतरी आहे, ज्याला माझी बडबड नको, माझं यश नको, पगार नको. मी नुसती असले की पुरतं. मी गुणगुणायचे. कधी दिवसभराचं सांगायचे. आत काहीच हलायचं नाही, पण ते न हलणंही मला ऐकल्यासारखं वाटायचं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी देसाई काका आले. भला माणूस. प्रत्येक वाक्याआधी "टेन्शन नको घेऊ" म्हणतात, त्यामुळे मला लगेच टेन्शन येतं.

"टेन्शन नको घेऊ मनाली, पण त्या खोलीवर आणखी एक मागणी आहे. वॉचमनच्या सायकलींची. म्हणून रविवारी सकाळी कमिटी बघायला येईल. काय ते नीट दाखव. म्हणजे आम्हाला मीटिंगमध्ये सांगता येईल की सायकली महत्त्वाच्या की हे."

काका गेल्याबरोबर गायकवाड काकू माझ्या कानाशी. "हे बग, त्यांस्नी त्ये पेंढा-बिंढा सांगत बसू नगस. ती तुला कशी वळखत्यात, त्येवडंच दाव. सायकल वळखती का मालकाला?"

मुद्दा बिनतोड होता.

मी भाषण तयार केलं. आरशासमोर म्हटलं. आईसमोर म्हटलं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढं 'नातं' 'नातं' नको करूस. बुरशी आहे ती." मी 'नातं' काढून 'बंध' घातलं.

रविवार उजाडला. आईने पोहे केले. बेल वाजली, मी दचकले, दार उघडलं. देसाई काका, खजिनदार कुलकर्णी, गायकवाड काकू, आणि त्यांच्या मागे पांढरा कॉटनचा कुर्ता, करडे केस, गळ्यात साखळीला लटकलेला चष्मा...

सावंत मॅडम.

हे ते नाव. सावंत मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजच्या बॉटनीच्या मॅडम. बुरशी हा त्यांचा विषय. निवृत्त होऊन शेजारच्या सोसायटीत राहायला आल्या होत्या आणि देसाई काकांनी त्यांना 'जाणकार' म्हणून खास बोलावलं होतं.

"अरे, मनाली ना तू?" मॅडम म्हणाल्या. "छान. बघू काय केलंयस."

शहाण्या माणसाने तिथेच भाषण गिळलं असतं. पण मी तुम्हाला म्हटलं ना, घाबरले की फार बोलते? मी पॅसेजमध्ये दारापाशी उभी राहिले, ट्यूबलाइट लावली, आणि सुटले.

"आपल्याला वाटतं की मशरूमला भावना नसतात. पण माझा अनुभव वेगळा आहे. मी घरी असते तेव्हा ही सगळी माझ्याकडे झुकतात. मी बाहेरगावी गेले की त्यांना दिशाच उरत नाही. हा एक बंध आहे. आता मी दार उघडते, आपण स्वतःच बघा."

दार उघडलं. आतून तो ओला, कोंदट, गोडसर वास आला. आणि समोर शेकडो पांढरी बोटं, एकूण एक आमच्याकडे रोखलेली. खरं सांगते, त्या क्षणी मलासुद्धा शहारा आला. इतकं सुंदर दिसत होतं ते!

कुलकर्णी काका एक पाऊल मागे गेले. "हे... चावत नाहीत ना?"

"बगा!" गायकवाड काकूंनी पदर सावरला. "लेकरं आईकडं बगत्यात तशी बगत्यात!"

देसाई काका हळूच म्हणाले, "कमाल आहे बुवा. सायकलींचं काही खरं नाही."

मॅडमनी चष्मा चढवला. आत गेल्या. एका बोटाला हात लावला, वाकून नखाएवढी छत्री बघितली, खिडकीवरची सतरंजी बघितली, पडदा बघितला, प्लॅस्टिक बघितलं. मग वळून दाराकडे बघितलं. दारातलं ते भोक बघितलं. त्या भोकाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मनाली, दार बंद असताना या खोलीत उजेड कुठून येतो?"

"कुठूनच नाही मॅडम!" मी अभिमानाने म्हटलं. "पूर्ण अंधार ठेवलाय."

"आणि हे भोक?"

"ते... ते बाबा रविवारी बुजवणार आहेत."

हॉलमध्ये बसलेल्या बाबांनी वर्तमानपत्र थोडं वर घेतलं.

"बरं. पॅसेजमधला हा दिवा कोण लावतं?"

"मी."

"तू बाहेरगावी गेलीस तेव्हा?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मी कशाला लावू? आम्हा दोघांना काय करायचाय पॅसेजमध्ये उजेड? ही घरात असली की लावते. दिवसासुद्धा."

"दिवसासुद्धा? का गं?" मॅडमनी विचारलं.

आता इथे माझ्यासमोर कोण कोण उभं होतं ते आठवा. सेक्रेटरी. खजिनदार. काकू, म्हणजे अख्खा ग्रुप. आणि माझ्या मॅडम. सगळे उत्तराची वाट बघतायत.

"मला..." माझा आवाज उंदरासारखा झाला. "मला अंधाराची भीती वाटते."

आता बहुधा मशरूमसुद्धा ऐकत असावीत.

"म्हणजे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अंधाराला भिऊन तू दिवा लावतेस. त्याचा उजेड या भोकातून आत जातो. अख्ख्या खोलीत तेवढाच काय तो उजेड. आणि ही बिचारी जीव खाऊन त्याच्याकडे धावतायत. म्हणून एवढे लांब दांडे. उजेड पुरेसा मिळाला असता तर दांडे आखूड राहिले असते आणि छत्र्या तळहाताएवढ्या झाल्या असत्या. रंगही आला असता, छान राखाडी. शिवाय हवा कोंडली आहे, त्यानेही हीच तऱ्हा होते. पांढरी नाहीत गं ही, उजेडाविना फिकटली आहेत."

"पण मॅडम, मशरूमला अंधार..."

"सुरुवातीला. बुरशीचं जाळं पेंढ्यात पसरेपर्यंत. एकदा कळ्या धरायची वेळ आली की उजेड लागतो. ऊन नव्हे, नुसता खिडकीतून येणारा उजेड. त्यावरून तर त्यांना कळतं की आपण बाहेर आलो, आता छत्री उघडायची. हे मी तुला शिकवलंय, मनाली. सेकंड इयरला."

"त्या दिवशी मी बहुतेक आले नव्हते..."

"आली होतीस. मला चांगलं आठवतंय. तू खिडकीजवळच्या बाकावर बसायचीस आणि सगळा तास बाहेर बघायचीस. तूसुद्धा खिडकीकडेच झुकलेली असायचीस."

देसाई काकांना ठसका लागला. मी मात्र शेवटचा आधार घट्ट धरून ठेवला होता. म्हटलं, "मॅडम, पण मी रोज भोकाला डोळा लावून बसायचे. तासन् तास. थोडं तरी... थोडं तरी माझ्यामुळे नसेल?"

मॅडमनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं की मला कळलं, आता फार वाईट काहीतरी ऐकायला मिळणार.

"तू भोकाला डोळा लावलास की काय होतं, सांग बरं?"

मी विचार केला. आणि मला कळलं. कळलं तसे माझे कान तापले.

"उजेड... अडतो."

"हं. तेवढा वेळ बिचाऱ्यांना तोही मिळत नव्हता."

म्हणजे बघा! जगातल्या ज्या एकाच जागी आपण कुणाला तरी हव्या आहोत असं मला वाटत होतं, तिथे मीच आड येत होते. ती माझ्या मागच्या ट्यूबलाइटकडे बघत होती आणि मी मधे डोकं घालून बसले होते. गाणीबिणी म्हणत!

गायकवाड काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आसू दे गं. माज्या सासूची म्हसबी बहुतेक पेंडीलाच वळखत आसंल."

मी पोह्यांच्या बशा भरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले. ओट्याला टेकून उभी राहिले. संपलं, म्हटलं. खोली गेली. आता ऑफिस. फोन. बेल. फायर ड्रिल. बाहेरून काकांचा आवाज येत होता, "टेन्शन नको घेऊ म्हणावं तिला, पण आता सायकलींचंच बघावं लागेल."

तेवढ्यात कुलकर्णी काकांनी सहज विचारलं, "मॅडम, ही उन्हात वाळवली तर चालतात का हो? आमच्या हिला पापडाच्या शेजारी ठेवता येतील गच्चीवर."

"चालतात की. उलट कापल्यावर छत्रीची खालची बाजू वर करून थोडा वेळ कडक उन्हात ठेवा. आपल्या कातडीसारखंच आहे त्यांचं. त्यांच्यात एक द्रव्य असतं, उन्हाने त्याचं ड जीवनसत्त्व होतं."

"ड?" देसाई काका म्हणाले. "म्हणजे डी? व्हिटॅमिन डी?"

"हो."

"मला डॉक्टरांनी पुड्या दिल्यात त्याच्या! दुधातून घ्यायच्या."

"मलाही," कुलकर्णी काका म्हणाले.

"माजी तर हाडंच दुकत्यात," काकू म्हणाल्या. "डागदर म्हनला, उनात बसा. ह्या बिल्डिंगीत ऊन आनू कुठनं?"

बाबांचं वर्तमानपत्र खाली आलं. "माझंही कमीच निघालंय."

"थांबा, थांबा," मॅडम घाईने म्हणाल्या. "किती तयार होतं ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही. पुड्या बंद करू नका कुणी!"

पण कोण ऐकतंय? मी दाराआडून बघितलं. कमिटीचे चेहरे बदलले होते. मघाशी मागे सरकलेले कुलकर्णी काका आता बोटांकडे वडीलकीने बघत होते.

"पण मग जिन्याखालची खोली काय कामाची?" देसाई काका म्हणाले. "तिला तर खिडकीच नाही. म्हणूनच हिला देणार होतो आम्ही!"

"तिथे सायकली ठेवा," मॅडम म्हणाल्या. "हिला खिडकी असलेली जागा द्या."

गेटजवळ जुनं वाचनालय आहे आमचं. पुस्तकं कधीच गेली, भली मोठी खिडकी तेवढी उरलीये. ती खोली मला मिळाली. एकाच अटीवर. अट देसाई काकांनी घातली आणि सगळ्यांनी मान डोलावली: सावंत मॅडमनी अधूनमधून येऊन लक्ष ठेवायचं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी दारामागून बशा घेऊन बाहेर आले तर मॅडम म्हणाल्या, "चालेल ना तुला?" आणि माझ्या हातातून एक बशी पडली. ते 'हो' समजण्यात आलं.

तर आता माझं वाचनालयात चालतं. दादाचं बाळ घरी आलंय, रडलं की मी दचकते आणि मी दचकले की ते हसतं. खाली मात्र फार छान आहे हो. सकाळी खिडकीतून दुधी उजेड आत येतो, पिशव्यांवर पाण्याचे कण चमकतात आणि मशरूम कसली येतात म्हणून सांगू! राखाडी, रुंद, एकावर एक कलंडलेल्या छत्र्या, कडा किंचित मुडपलेल्या, जणू ढगांनीच पेंढ्यावर घर केलंय. त्यांच्याकडे बघत उभं राहिलं की वेळ कुठे जातो कळत नाही.

एकच बोच आहे. दार एका बाजूला, खिडकी समोरच्या बाजूला. त्यामुळे मी दार उघडून आत पाऊल टाकलं की सगळीच्या सगळी, एकजात, खिडकीकडे झुकलेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी! शास्त्र मला आता पाठ आहे. राग मानायचं कारण नाही. तरी जीव राहत नाही. मी आपली उंबऱ्यातच थांबते, हळूच खाकरते आणि म्हणते, "मी आलेय हं."

परवाही तशीच थांबले होते, हरवून, दाराच्या चौकटीला टेकून. कुणी ढिम्म हलत नव्हतं, पण मला वाटत होतं की कोपऱ्यातल्या एका पिशवीने जरासं ऐकलंय. एवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला आणि मी हातभर उडाले.

"मनाली, दारातून बाजूला हो गं जरा. आता हवा अडवतेयस."